पान सात, तळाशी

परकारचा त्याने पहिल्याच दिवशी पार्कर केला,
पेनासारखा. मी दुरुस्त केलं नाही,
मुद्रितशोधक असूनही.

ह्यू टॅलंटायर. वय चोपन्न.
एकवीस वर्षं पार्लमेंटच्या गॅलरीत बसलेला माणूस.
मनामात उतरला तेव्हा सोबत दोन सुटकेसा,
एक छत्री, जी इथे कधी उघडलीच नाही,
आणि कानाला जडलेली एक खोड :
बोलणारा कुठे अडखळतो, ते आधी टिपायचं.
"मंत्री काय म्हणाला ते कुणीही लिहील, पार्कर.
तो पाणी कधी प्यायला ते बघ."

आमच्या पेपरात पान एकवर अभिनंदनाच्या तारा.
अमक्या राजाकडून तमक्या शेखांना, राष्ट्रीय दिनानिमित्त.
तारांनासुद्धा मानपान, कुणाची वर, कुणाची खाली,
आणि ज्याच्या एका परिच्छेदाने म्हणे
तिकडे एक उपमंत्री घरी बसला,
तो हातात पट्टी घेऊन मथळ्यांची उंची मोजायचा,
बिनतक्रार, दातात विझलेला पाइप.

म्हणे, असं म्हणतो मी, कारण तो स्वतः कधी बोलला नाही.
जाहिरातखात्यातला वर्गीस सांगायचा. वर्गीसला
सगळ्यांचं सगळं माहीत. दुसरीही एक बातमी होती म्हणे,
त्याहून मोठी, ती याने खिशातच ठेवली, दोस्तासाठी.
दोस्त पुढे लॉर्ड झाला,
हा इथे आला.
खरंखोटं अल्ला जाणे.

ऑगस्ट. एसी बंद पडलेला. रात्रीचे साडेदहा.
जेट्टीपलीकडे मजुरांची छावणी जळाली.
खात्याकडून आल्या त्या चार ओळी :
किरकोळ आग, वेळीच आटोक्यात. पान सात, तळाशी.
माझ्याकडे पाच नावं होती,
इस्पितळातल्या वॉर्डबॉय मुश्ताकने
सिगरेटच्या पाकिटावर लिहून दिलेली.
पाकीट त्याच्या टेबलावर ठेवलं.
त्याने फोनकडे पाहिलं. फोनने त्याच्याकडे.
"हे छापता येणार नाही."
मी उचलायला गेलो,
तर पाकिटावर त्याचा हात.

पान सातवरच, तळाशीच, दर गुरुवारी एक चौकट असायची :
पोस्टात पडून असलेली पत्रं.
खालील इसमांनी ओळख पटवून घेऊन जावीत.
ती कुणी वाचत नसे. मीही जांभया देत तपासायचो.
त्याने स्वतः बसून टाइप केली पाच नावं,
यादीत मिसळून, वर्णक्रम न मोडता :
बालय्या गुंडेटी
दाऊद हमदुले
गोविंदन कुट्टप्पन
नूर खान
ताजुल मियां
हमदुलेत एक अक्षर चुकलं होतं.
या वेळी मी दुरुस्त केलं.

पुढे तीन वर्षांनी तो तिकडे गेला, डॉर्सेटला, आणि वारला.
लंडनच्या पेपरचं कात्रण वर्गीसने आणून दिलं :
कॉलमभर मजकूर. गॅलरीतले किस्से,
त्याची गाजलेली वाक्यं, एक लॉर्ड हळहळलेला,
आणि शेवटी, नंतर काही काळ आखातात होते.
वयही एक वर्षाने चुकवलेलं.
सवयीने समासात खूण केली मी,
मग पेन्सिल तशीच धरून बसलो.

त्या शनिवारी पोस्टातून फोन आला होता,
ते कात्रणात कुठून येणार.
काउंटरवरचा कारकून, बहरीनीच, आवाज दबका :
"तुमच्या यादीतली पाच नावं आमची नाहीत."
मी गप्प.
"तरी मी खणात शोधलं. दोघांची खरंच आहेत.
एकावर दापोलीचा शिक्का आहे.
कुणी येईल का न्यायला?"

रिसीव्हर तसाच टॅलंटायरच्या हातात दिला.
त्याने कानाला लावला. सगळं ऐकलं.
बोलायला तोंड उघडलं,
आणि पाणी प्यायला.